पाऊस बांधणारी माणसं

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या भागातल्या रस्त्यांना वास येतो. वारंगा फाट्यावर बसमधून उतरलं, की डिझेल, भज्यांचं तेल आणि उसाचा रस यांच्या खालून तो हळूच नाकात शिरतो. शिजणाऱ्या हळदीचा वास. देव्हाऱ्यातल्या डबीत बसते ती हळद फार नंतरची, नटूनथटून आलेली. हा वास तिच्या बाळंतपणाचा आहे. ओल्या मातीचा, थोडासा कापराचा, घशाशी रेंगाळणारा. अंगावरच्या ओढणीत तो असा बसतो की वर्गात गेल्यावर पोरी विचारतात, "मॅडम, तुमच्याकडंबी सुरू झाली का?"

यंदा वास आला, पण त्याच्या जोडीला गार वारा आला. मार्चच्या दुपारी गार वारा सुटला की बाहेरगावच्या माणसाला बरं वाटतं. आम्ही ताडपत्र्या शोधू लागतो. शिजलेली हळद दोन-तीन आठवडे उघड्या रानात वाळत पडलेली असते. तेवढ्यात एक चांगली सर आली, की हळकुंडं काळी पडतात आणि बाजारात त्यांच्याकडं कुणी ढुंकून पाहत नाही. अख्खा जिल्हा आपला वर्षाचा घाम उघड्यावर पसरून ठेवतो आणि वर बघत बसतो. मान दुखेपर्यंत आभाळाकडं बघणारी माणसं पाहायची असतील तर या दिवसांत यावं.

मी आखाडा बाळापूरच्या शाळेत भूगोल शिकवते. आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. तिथं माझा चुलतभाऊ बालाजी शेती करतो आणि त्याची आई, माझी सरूकाकू, बालाजीवर देखरेख करते. हळदीच्या दिवसांत दर रविवारी मी रानात जाते. मदतीला जाते असं मी सांगते. "चहा प्यायला येती," असं काकू सांगते, आणि तिचंच खरं आहे.

लहानपणी हळद कढईत शिजायची. चार माणसं हात धरून उभी राहतील एवढी लोखंडी कढई, वर हळदीच्याच पाल्याचं जाड पांघरूण, त्यावर गोणपाट, आणि खाली जाळ. जाळाला लाकूड लागायचं. बांधावरच्या बाभळी दरवर्षी एकेक करून त्या कढईखाली गेल्या. तांड्यावरून हळद काढायला येणाऱ्या बाया दुपारी ज्या बाभळीखाली भाकरी सोडायच्या, ती पुढच्या वर्षी नसायची; मग त्या शेजारच्या बाभळीखाली बसायच्या. असं सरकत सरकत त्या एकदा बांधाच्या टोकाला पोचल्या आणि मग ट्रॅक्टरच्या सावलीला बसू लागल्या. यात काही घडतं आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. जाळ चांगला लागला, हळद चांगली शिजली, एवढंच आम्ही बघत होतो.

आता बॉयलर आला आहे. मोठे पिंप, वाफेचे नळ, खाली आगीचं तोंड. झटपट काम होतं आणि रान मोकळं मोकळं दिसतं. त्या मोकळ्या रानावरून वारा येतो तेव्हा त्याला अडवायला वाटेत काहीच नसतं.

सरूकाकू ऐन तारुण्यात विधवा झाली. दिरांच्या तोंडाकडं न बघता तिनं स्वतः औत धरलं, हळद लावली, बाजारात अडत्याशी भांडली. जीभ अशी, की गावचे पाटीलही तिच्या वाटेला जात नसत. पण या सगळ्या खमकेपणात तिचा एक हळवा कोपरा होता, तो म्हणजे तिच्या माहेरची एक रीत. हळद वाळत घातली, की ती पाऊस बांधायची.

नवं कोरं गाडगं घ्यायचं. त्यात आपल्या रानातली मूठभर माती आणि पहिल्या शिजवणीचं एक हळकुंड टाकायचं. तोंडावर फडकं ताणून सुतानं बांधायचं. ज्या दिशेनं ढग चढतात त्या बाजूला, खळ्याच्या कडेला ते पालथं पुरायचं. झाला पाऊस बांधून. हळद वाळून, घासून, पोत्यात भरली गेली, की गाडगं उकरून काढायचं, सूत तोडायचं आणि वाहत्या पाण्यात सोडून द्यायचं. बांधणं एकवेळ राहिलं तरी चालेल, पण सोडणं राहता कामा नये, असं तिची आई सांगायची. आम्ही पोरं हसायचो. काकू रागवायची नाही, "हसा," म्हणायची, "पर तिकडून चालू नका."

मग ते भट्टीचं वर्ष आलं. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते.

त्या वर्षी ऐन हळदीत गारा झाल्या. आजूबाजूच्या रानांत हळकुंडं गारांखाली चेचली गेली आणि काकूच्या खळ्यावर चार थेंब पडून ढग निघून गेला. अशा गोष्टी होत असतात, गारांची पट्टी अरुंद असते, हे मी आज वर्गात फळ्यावर काढून दाखवते. तेव्हा मात्र काकूच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून मला जरा भीती वाटली होती. हळद विकली गेली. चार दिवसांत परत येऊन गाडगं सोडू म्हणून काकू माहेरी लग्नाला गेली, तिथं तापानं पडली, आणि मुक्काम लांबला. इकडं बालाजीला ट्रॅक्टर मिळाला. रान तापलेलं, दिवस नांगरटीचे. त्यानं खळ्यासकट सगळं खोल नांगरून टाकलं. गाडगं कुठं पुरलंय हे त्याला माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्यानं नांगर थांबवला असता असं वाटत नाही.

मृग कोरडा गेला. आर्द्राही गेल्या. लोकांनी पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणी केली आणि बी मातीत भाजून निघालं. पहाटे ढग यायचे, दुपारपर्यंत डोक्यावर थांबायचे आणि संध्याकाळी कुणीतरी हाकलल्यासारखे निघून जायचे. चिमण्या कोरड्या हौदाच्या काठावर चोची उघड्या टाकून बसायच्या. पारावरची माणसं हळूहळू कमी बोलू लागली, आणि गावात माणसं कमी बोलू लागली की समजावं, कुणाचं तरी नाव ठरत आलंय.

नाव ठरलं अमीनचाचांचं. ओढ्यापलीकडं त्यांची वीटभट्टी होती. पिढ्यान् पिढ्या गावातलं घर. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्याच विटांच्या. पण भट्टीवाले पाऊस बांधतात, असा आमच्याकडं जुना संशय आहे. कच्च्या विटेला पाऊस सोसत नाही; म्हणजे भट्टीवाल्याला पाऊस नको असतो; म्हणजे त्यानंच तो अडवला असणार. निवाडा इतका सोपा. तीन महिन्यांपूर्वी अख्खं गाव हळद पसरून पाऊस नको म्हणत होतं, ते मात्र कुणाला आठवत नव्हतं.

एका सकाळी पंधरा-वीस जण कुदळी-टिकाव घेऊन ओढा ओलांडून गेले. त्यांच्यामागं गाव गेलं, आणि गावामागं मीही. भट्टीखाली काहीतरी पुरलेलं असणार, ते काढायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. ते शांतपणे चाललं होतं म्हणूनच अंगावर काटा येत होता. अमीनचाचा दोन्ही हात लांबवून विटांच्या थप्पीपुढं उभे होते.

"उकरा, बाबांनो. बराबर उकरा. पर थप्पी पाडू नका. लेकरांचं पोट हाय तिच्यावर."

पहिली कुदळ पडली आणि मागून काकूचा आवाज आला.

"थांबा रे! भट्टी काहून उकरून राहिले? पाऊस म्या बांधलाय."

ती पदर डोक्यावर घेऊन, अनवाणी, गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिनं सगळं सांगितलं. गाडगं, सूत, बालाजीची नांगरट. कोर्टात सांगावं तसं, एक शब्द न गाळता. गर्दीत कुणीतरी हसलं आणि ते हसू तिथंच विरलं. मला आठवतंय, त्या सगळ्या माणसांत, अगदी मीसुद्धा धरून, एकही जण म्हणाला नाही की असं कुठं असतं का. मग कुदळी खांद्यावर गेल्या आणि ती गर्दी भट्टी सोडून आमच्या रानाकडं वळली.

नांगरलेल्या रानात अर्धं गाव खापऱ्या शोधत होतं. खापऱ्या निघाल्याही, त्या कुठल्याही शेतात निघतात. त्यातली त्या गाडग्याची कुठली आणि आजोबा-पणजोबांच्या काळातली कुठली, हे कोण सांगणार? काकूनं सगळ्या पदरात घेतल्या आणि सोडायला ओढ्यावर नेल्या. ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. खापऱ्या पदरात धरून ती त्या कोरड्या वाळूत किती तरी वेळ उभी राहिली.

मी तिच्याजवळ गेले. माझं नुकतंच भूगोलाचं एक वर्ष झालं होतं आणि नव्या शिकलेल्या माणसाला असतो तेवढा आत्मविश्वास मला होता. मी म्हणाले, "काकू, येडी का तू? माणसाच्या हातात पाऊस नसतोय. एवढंसं गाडगं अन् केवढं आभाळ! समिंदरावरून वारं येतंय, त्याच्यावर पाऊस असतोय. माणसाच्यानं त्याला काय बी व्हत न्हाई."

"व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय. शपथ."

तिनं मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला.

पाऊस आला तो श्रावण संपता संपता. आला म्हणजे कोसळला. कित्येक महिन्यांचा पाऊस एका दुपारी आणि एका रात्री उतरला. ओढा रस्त्यावर चढला, बांध फुटले, वरच्या रानातली काळी माती कॅनॉलमध्ये जाऊन बसली. ज्या विटा वाचवायला काकू धावली होती त्या कच्च्या विटांचा चिखल झाला आणि थप्पीच्या जागी नुसतं एक लाल डबकं उरलं. दुसऱ्या दिवशी काकू दारात उभी राहून म्हणाली, "सोडला असता तर उतरला असता. ह्यो फुटलाय."

गावानं तिला वाळीत टाकलं नाही. तसं काही झालं नाही. पण पेरणीच्या दिवसांत तिच्या अंगणावरून जाताना बायका बोलायच्या थांबत, आणि पुढं गेल्यावर पुन्हा बोलू लागत. काकूनं त्यानंतर कधी पाऊस बांधला नाही. मीही तो विषय काढला नाही. मला वाटायचं, जुनी गोष्ट आहे, मागं पडली.

पाऊस मात्र त्यानंतर उतरलाच नाही, फुटतच राहिला. कोरडे आठवडे आणि मग एकाच दिवशी सगळं. दिवाळीत काढणीच्या सोयाबीनवर पाऊस, मार्चमध्ये गारा, जानेवारीत पंखा. आंब्याला मोहोर येतो आणि एका ढगाळ आठवड्यात काळा होऊन गळतो. पूर्वी म्हातारी माणसं टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून पावसाचं सांगायची. आता त्यांना विचारलं तर ती मोबाइल पुढं करतात. आभाळ वाचणारी माणसं संपत आली आहेत, आणि ती अजाणती झाली म्हणून नव्हे. आभाळच त्यांच्या ओळखीचं राहिलं नाही म्हणून.

मी भूगोलाची बाई झाले. पुस्तकात हवामानबदलाचा धडा आला. कोळसा, तेल, धूर, जास्त वाफ धरून ठेवणारी तापलेली हवा. दरवर्षी मी तो धडा शिकवते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मॅडम, पर माणसाच्यानं एवढं व्हतंय का?" मी ठणकावून सांगते, होतं. आणि सांगताना दरवेळी त्या कोरड्या ओढ्यातली माझी शपथ मला आठवते. मग मी फळ्याकडं तोंड करते आणि आकृती काढते.

गेल्या महिन्यात बाळापूरच्या बाजारात अमीनचाचा भेटले. भट्टी आता मुलं बघतात. दाढी पांढरी झाली, डोळे तसेच मिस्किल. चहा सांगितला, इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "मास्तरीणबाई, एक तकलीफ हाय. तवा म्या खुदाची कसम खाऊन सांगायला तयार होतो, का म्या पाऊस बांधला न्हाई. आता टीव्हीवाले म्हणून राहिले, भट्ट्यांच्या धुरानं हवा बिघडली, पाऊस बिघडला. मंग माझी कसम झूट झाली का?"

"न्हाई, चाचा. तुमी बांधला न्हाई."

"अन् धूर?"

मी साखर कमी पडली म्हणून पोऱ्याला हाक मारली. चाचा हसले, पण त्यांनी प्रश्न मागं घेतला नाही.

आणि आता हा रविवार. आभाळ सकाळपासून धुरकट, सूर्य दुधी काचेमागं ठेवल्यासारखा. रानात बॉयलर धडधडत होता, पिवळी वाफ वर चढत होती आणि वरच्या करड्या रंगात मिसळत होती. शिजलेली हळद लांबवर पसरलेली. काकू बाजेवर बसून हळकुंडं आणि त्यांच्या मुळाशी असणारे जाड गड्डे वेगळे करत होती. आता तिला कमी दिसतं, पण बोटांना दिसतं. पश्चिमेला आभाळ निळंकाळं होऊ लागलं तसा बालाजी ताडपत्रीच्या घड्या मोजून ठेवू लागला. मी म्हणाले, दरवर्षी हे असंच वाढत जाणार, आणि आमचा वाद सुरू झाला.

"ताई, तुमचं पुस्तक काय बी सांगतंय," बालाजी म्हणाला. "आज्याच्या काळात दुष्काळ पडला न्हाई का? तवा कुठं व्हत्या गाड्या? सूर्याचं चक्र असतंय. मोबाइलवर एक जण बराबर समजावून सांगून राहिला. एवढ्या मोठ्या आभाळापुढं माणसाची काय बिशाद!"

त्याचं ते शेवटचं वाक्य ऐकून मी चपापले. ते माझंच होतं.

"आज्याच्या काळात कडब्याच्या गंजी आपोआप पेटत न्हव्हत्या का?" मी म्हणाले. "पेटायच्या. म्हणून आज काडी कुणी लावलीच न्हाई, असं म्हणता येतंय का? आकाश तापलंय ते माणसांनी तापवलंय, बालाजी. मोजलंय लोकांनी. आता त्यात शंका राहिली न्हाई."

"मंग म्या काय करू?" त्याचा आवाज चढला. "बॉयलर बंद करू? हळद कच्ची विकू? तूबी स्कुटीवरच आलीस की इथवर!"

तो तणतणत ताडपत्री ओढायला गेला. गार वारा आता वाढला होता आणि त्यात मातीचा वास होता, कुठंतरी जवळच पडून गेल्याचा.

बाजेवरचा हळकुंडांचा आवाज थांबला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"सुनंदे," काकू म्हणाली. "तू त्या वर्सी मला काय म्हणली व्हतीस?"

मी वळून बालाजीच्या ताडपत्रीकडं पाहिलं.

"माणसाच्यानं काय बी व्हत न्हाई म्हणली व्हतीस. शपथ घेतली व्हतीस."

"काकू, तुझ्या गाडग्यानं न्हाई झालं ते," मी घाईघाईनं म्हणाले. तिच्या पायाशी बसले, तिचे पिवळे हात हातात घेतले. "खरंच न्हाई. हे धुरानं झालंय. कारखाने, गाड्या, कोळसा. सगळ्या जगानं मिळून केलंय. मोठमोठ्या देशांनी सगळ्यात जास्त. तुझा त्यात काय बी दोष न्हाई."

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी का होईना, तिच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवते आहे. पण तिला स्वतःच्या सुटकेत काही रस दिसला नाही. ती माझ्या चेहऱ्याकडं, दिसेल तेवढं, बघत होती.

"त्या माणसांना ठावं हाय का, आपल्यानं व्हऊन राहिलंय ते?"

"व्हय. ठावं हाय."

"कवापासून?"

"लई वर्सं झाली."

"अन् तरी चालूच हाय?"

"चालूच हाय."

पश्चिमेकडून एक लांबट गडगड रानावरून सरपटत आली. बालाजी ओरडून मला ताडपत्रीचं टोक धरायला बोलावत होता. मला उठायला हवं होतं, पण काकूनं माझे हात सोडले नाहीत.

"मिरग लागला की माझा डोळ्याला डोळा लागत न्हाई, माय," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बालाजीलाही नाही. "त्या एका गाडग्यापायी. कुणाकुणाचं बी जळालं, कुणाकुणाच्या लेकरांच्या तोंडचं गेलं, त्येच डोळ्यापुढं येतंय. इतकी वर्सं झाली." मग तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"त्यांचा डोळा लागतो का?"

ताडपत्रीवर पहिला थेंब वाजला.

"लागतो, काकू," मी म्हणाले. "माझाबी लागतो."